कोरोनेल्लीच्या मागावर: व्हिएन्ना, व्हेनिस, पॅरिस

मंगळवार, व्हिएन्ना

सकाळी विमानतळावरून थेट भाचीच्या घरी. अंघोळ, चहा, पोहे, आणि अकराच्या आत आम्ही योझेफ्सप्लात्स चौकात हजर. ती व्हिएन्नात चार वर्षं नोकरी करते आहे, पण राष्ट्रीय ग्रंथालयाचा हा जुना दरबारी हॉल, प्रुंकझाल, तिनेही आतून पाहिलेला नव्हता. तिकीट काढून जिना चढलो आणि दार उघडल्याबरोबर दोघंही थबकलो. १७२३ ते १७२६ या काळात सम्राट सहाव्या कार्लने हा बांधून घेतला. आराखडा फिशर फॉन एर्लाख या वास्तुकाराचा, काम त्याच्या मुलाने तडीस नेलं. लांबी जवळजवळ ७८ मीटर, दोन्ही बाजूंना छतापर्यंत भिडलेली पुस्तकं, सुमारे दोन लाख. मधोमध घुमट, त्याखाली सम्राटाचा संगमरवरी पुतळा. सम्राटाचा सेनापती राजपुत्र ऑयगेन याचा पंधरा हजार खंडांचा संग्रह याच घुमटाखाली लावलेला आहे.

आमचा घरचा धंदा पुस्तकबांधणीचा. त्यामुळे त्या चामड्याच्या पाठी पाहूनच माझे पाय जड झाले. पण मी आलो होतो ते चार गोलांसाठी. घुमटाखालच्या मोकळ्या जागेत ते उभे आहेत: दोन पृथ्वीचे, दोन आकाशाचे. प्रत्येकाचा व्यास सुमारे ११० सेंटीमीटर, लाकडी बैठकीवर, माणसाच्या छातीला येतील एवढ्या उंचीचे. बनवणारा व्हेनिसचा एक फ्रान्सिस्कन संन्यासी, विन्चेन्झो कोरोनेल्ली. या प्रवासाची आखणीच मुळी त्याच्यामागून चालण्यासाठी केली होती.

लोक येतात, वर चित्रांकडे बघतात, गोलांसमोर एक फोटो काढतात आणि पुढे जातात. मी दोरीला टेकून खाली वाकलो आणि सांधे शोधू लागलो. गोलावरचा नकाशा थेट गोलावर काढलेला नसतो. तो आधी तांब्याच्या पत्र्यावर उलटा कोरतात, सपाट कागदावर छापतात, मग संत्र्याच्या सालीच्या फोडींसारखे लांबट तुकडे कापून गोलावर चिकटवतात. या पाकळ्या विषुववृत्तावर सर्वांत रुंद आणि ध्रुवांकडे टोकदार. बहुतेक गोलांना १२ पाकळ्या पुरतात, एकेक पाकळी ३० रेखांशांची. गोल मोठा असेल तर पाकळ्याही वाढतात आणि विषुववृत्तावर त्यांचे दोन तुकडे करावे लागतात. नीट निरखलं की पृथ्वीच्या एका गोलावर ती उभी रेघ दिसते. एका बेटाची किनार या पाकळीवर संपते आणि पुढच्या पाकळीवर केसभर वर सुरू होते. बाकी सगळीकडे मात्र अक्षरं सांध्यावरून अशी सलग गेली आहेत की मी मनातल्या मनात त्या चिकटवणाऱ्या हातांना नमस्कार केला. खळ लावली की कागद फुगतो, आणि सगळीकडे सारखा फुगत नाही: तंतूंच्या दिशेने कमी, आडवा जास्त. म्हणजे पाकळी कोरतानाच हा फुगवटा हिशोबात धरायचा. नाहीतर शेवटची पाकळी पहिलीला येऊन भिडते तेव्हा एकतर फट उरते किंवा कागद कागदावर चढतो. पुठ्ठ्यावर अस्तर चढवतानासुद्धा मला हा हिशोब करावा लागतो, आणि माझा पुठ्ठा सपाट असतो.

भाचीने विचारलं, "मामा, हे आडवं कडं कशाला? गोल पडू नये म्हणून?"

मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. गोलाच्या कमरेभोवती जे रुंद लाकडी कडं असतं ते क्षितिज. त्याच्यावर कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर महिने, तारखा, बारा राशी आणि त्यांचे अंश छापलेले असतात. गोल धरून ठेवणारी उभी पितळी कडी या क्षितिजाच्या खाचांमध्ये वर-खाली सरकते. पुण्याचा सूर्योदय काढायचा असेल तर पितळी कडी फिरवून उत्तर ध्रुव क्षितिजाच्या १८.५ अंश वर आणायचा, कारण तेवढाच पुण्याचा अक्षांश. मग कड्यावर आजची तारीख बघायची. तिच्यासमोर सूर्य कुठल्या राशीच्या कितव्या अंशावर आहे ते मिळतं. गोलावर काढलेल्या क्रांतिवृत्तावर, म्हणजे सूर्याच्या वर्षभराच्या वाटेवर, तो अंश शोधायचा आणि पितळी कडीखाली आणायचा. ध्रुवाजवळच्या तासांच्या छोट्या तबकडीचा काटा बारावर लावायचा. आता तो अंश पूर्वेकडच्या क्षितिजाला टेकेपर्यंत गोल फिरवायचा. काटा जिथे थांबेल ती सूर्योदयाची वेळ. ना गुणाकार, ना भागाकार.

पाय, कडं आणि पितळ ही या यंत्राची निम्मी बाजू आहे. आपण त्याला शोभेचं लाकूडकाम समजतो. जमिनीवर उभा राहणारा मोठा गोल दिवाणखान्यात आला तो पुढे. त्याआधी तो गणिताचं साधन होता. म्हणूनच तो जोडीने यायचा, एक पृथ्वीचा आणि एक आकाशाचा. आकाशाच्या गोलावर नक्षत्रं आपल्याला दिसतात त्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखी असतात, कारण तिथे बघणारा ताऱ्यांच्या गोलाबाहेर उभा आहे असं मानलेलं असतं. हे कळल्यावर भाचीने मृग नक्षत्राची उलटी आकृती शोधून काढली आणि बराच वेळ तिथून हलली नाही.

कोरोनेल्लीने हा ११० सेंटीमीटरचा पृथ्वीगोल छापला १६८८ मध्ये. ते साल वाचलं आणि मन सह्याद्रीत गेलं. विजापूर १६८६ मध्ये पडलं होतं, गोवळकोंडा १६८७ मध्ये, आणि संभाजी महाराज औरंगजेबाच्या फौजांशी लढत होते. त्याच वर्षी व्हेनिसच्या मठात एक साधू हिंदुस्थानची किनारपट्टी तांब्यावर कोरून घेत होता. या गोलावर १ सेंटीमीटर म्हणजे साधारण ११६ किलोमीटर. मुंबई ते पणजी सरळ अंतर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर भरेल. दोरीमुळे नावं वाचण्याइतकं जवळ जाता आलं नाही, पण किनारा ओळखता आला.

बुधवार, व्हिएन्ना

हेरेनगासे स्टेशनवर उतरून दोन मिनिटांवर पाले मोलार्ड. याच वाड्यात ग्लोब संग्रहालय आहे. १९५६ मध्ये स्थापन झालं, २००५ पासून या वाड्यात. केवळ गोलांना वाहिलेलं असं सार्वजनिक संग्रहालय जगात दुसरं नाही. (खालच्या मजल्यावर एस्पेरांतो भाषेचं संग्रहालय आहे, तेही पाहून घ्यावं.) या शहराला गोलांचं वेड जुनंच. गोलांच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संस्था १९५२ मध्ये इथेच सुरू झाली आणि तिचं नाव ठेवलं कोरोनेल्लीच्या नावावरून.

दालनं अंधारी आहेत, कागदाला उजेड सोसत नाही म्हणून. सर्वांत आधी मी गेमा फ्रिसियस या गणितज्ञाचा १५३६च्या सुमाराचा पृथ्वीगोल शोधला. व्यास ३७ सेंटीमीटर. अक्षरं कोरण्याच्या कामात लूवाँ शहरातला एक तरुण होता, गेरार्ड मर्काटर. पुढे ज्याच्या नावाने नकाशाची पद्धत ओळखली गेली तोच. शेजारी त्याचे स्वतःचे गोल: पृथ्वीचा १५४१चा आणि आकाशाचा १५५१चा, ४० सेंटीमीटरहून थोडे मोठे.

मर्काटरच्या गोलापाशी माझा बराच वेळ गेला. समुद्रावर वळणं घेत ध्रुवाकडे जाणाऱ्या रेघा आहेत. जहाज होकायंत्राची एकच दिशा धरून चालत राहिलं तर पृथ्वीवर त्याचा मार्ग असा मळसूत्रासारखा वळत जातो. नावाड्यांना त्या रेघा गोलावर आयत्या मिळाल्या. पण माझी नजर होती ध्रुवावर. बारा पाकळ्यांची बारा टोकं एका बिंदूत आणून चिकटवणं हे या कामातलं सर्वांत अवघड ठिकाण. टोक ओलं झालं की लोळागोळा होतं, जरा ओढलं की फाटतं. मर्काटरने पाकळ्या ७० अंशांवरच छाटल्या आणि ध्रुवावर कागदाची एक गोल टोपी बसवली. इतका साधा उपाय, आणि त्यानंतर शेकडो कारागिरांनी तो उचलला.

गोल आतून कसा असतो हे कळलं की उभ्या गोलाकडे बघण्याची नजरच बदलते. लाकडाच्या किंवा अन्य कशाच्या अर्धगोल साच्यावर कागदाचे थरावर थर खळीने चढवायचे, वाळले की टरफलासारखे काढून घ्यायचे. अशी दोन टरफलं आतल्या लाकडी दांड्यावर जोडायची. वरून चुन्याच्या किंवा प्लास्टरच्या लगद्याचा थर द्यायचा आणि अर्धवर्तुळ कापलेल्या फळीखाली गोल फिरवत राहायचा. फळी जिथे घासते तिथला जादा लगदा निघून जातो. तरीही एक बाजू जड होतेच. जड बाजू नेहमी खाली येणार आणि अमेरिका कायम तळाला बसणार. यावर जुन्या कारागिरांनी शिशाच्या छर्र्यांची छोटी पिशवी आतून हलक्या बाजूला लावली. क्ष-किरणांनी जुने गोल तपासताना या पिशव्या दिसतात. मग पेन्सिलीने रेघा आखायच्या, पाकळ्या चढवायच्या, हाताने रंग भरायचे, सरसाचा हात द्यायचा म्हणजे वार्निश कागदात मुरत नाही, आणि शेवटी वार्निश. जुन्या गोलांचा तो मधासारखा पिवळेपणा वार्निशचा असतो. कारागिराच्या हातून गोल बाहेर पडला तेव्हा समुद्र चांगला निळा-हिरवा असणार, हे मनात धरून पाहावं.

चंद्राचे गोल, मंगळाचे गोल, छत्रीसारखे मिटणारे, हवा भरून फुगवायचे, सगळं आहे. तिकडून मी भरभर गेलो. भाची चंद्राच्या गोलाशी रमली.

रात्रीच्या गाडीने व्हेनिसकडे निघालो. व्हिएन्नाहून संध्याकाळी निघणारी ही शयनगाडी सकाळी थेट सांता लुचिया स्टेशनात पोचवते.

गुरुवार, व्हेनिस

स्टेशनाच्या पायऱ्यांवरच कालवा. सामान ठेवून आम्ही सान मार्को चौकात गेलो. मार्चाना ग्रंथालयाची जुनी दालनं पाहायची तर कोरर संग्रहालयाचं तिकीट काढून चौकाच्या त्या टोकापासून इकडच्या टोकापर्यंत दालनांमागून दालनं ओलांडत यावं लागतं. ग्रंथालयाची इमारत सान्सोव्हिनो या वास्तुकाराची, काम १५३७ मध्ये सुरू झालं. प्रवेशकक्षाच्या छतावर चित्रकार तित्सियानोचं चित्र.

इथे पुन्हा कोरोनेल्लीची जोडी भेटली. व्हिएन्नात सम्राटाचा दरबार होता आणि गोल त्या दिमाखात थोडे हरवले होते. इथे ते घरी असल्यासारखे वाटले. खिडकीतून उजेड तिरका येत होता, आणि त्या उजेडात कागदाचे उंचवटे दिसत होते: पाकळ्या जिथे एकमेकींवर किंचित चढल्या आहेत तिथे बारीक कंगोरा, आणि दोन ठिकाणी वार्निशखाली अडकलेली हवा. गुळगुळीत प्लास्टिकचे गोल पाहून वाढलेल्या माणसाने हे एकदा तरी पाहावं. पृथ्वीचा हा पृष्ठभाग कुणीतरी तळहाताने दाबून बसवलेला आहे.

याच ग्रंथालयात फ्रा माउरोचा पंधराव्या शतकाच्या मध्यावर केलेला जगाचा नकाशा आहे. दक्षिण वर, उत्तर खाली. तोही व्हेनिसच्या सरोवरातल्या एका बेटावरच्या मठात राहणारा साधू. कोरोनेल्लीच्या आधी दोनशे वर्षांहून जास्त. ज्या गावात दर आठवड्याला कुठलं ना कुठलं जहाज दूरदेशाची बातमी घेऊन येत होतं, तिथे मठाच्या खोलीत बसूनही जग मांडता येत होतं.

परतताना गल्लीतल्या एका दुकानात उभा ग्लोब-बार दिसला. वरचा अर्धा गोल बिजागरीवर उघडतो, आत बाटल्या आणि पेले. वरचा नकाशा जुन्या नकाशाची तपकिरी छपाई. इटलीत असे गोल मोठ्या प्रमाणात बनतात आणि जगभर जातात. आपल्याकडच्या हॉटेलांच्या लॉबीतही पाहिलेले आठवत असतील. लाकूडकाम चांगलं होतं, पायांचं कातकाम सफाईदार. मी क्षितिजाचं कडं पाहिलं. त्यावर राशींची चित्रं होती, पण तारखा नव्हत्या, अंश नव्हते, आणि गोल एकाच कोनात पक्का केलेला. मला वाईट वाटलं ते एवढ्यासाठीच. दारू ठेवायला हरकत नाही, पण कड्यावर तारखा छापायला कितीसा खर्च आला असता?

शुक्रवार, व्हेनिस

आजचा दिवस फ्रारीसाठी राखून ठेवला होता. सांता मारिया ग्लोरियोसा देई फ्रारी हे विटांचं प्रचंड चर्च. आत तित्सियानोचं १५१८ मध्ये पूर्ण झालेलं मोठं वेदीचित्र आणि त्याची समाधी. लोक त्यासाठी येतात. मी चर्चला लागून असलेल्या मठाच्या भिंतीसाठी आलो होतो. तिथे आता व्हेनिसचं राज्य अभिलेखागार आहे. तीनशे वर्षांपूर्वी याच मठात कोरोनेल्ली राहत होता, आणि त्याची कार्यशाळा आणि छपाईही इथेच चालत होती.

माणूस विलक्षण. जन्म १६५०, व्हेनिस. लहानपणी रावेन्नात लाकडी ठसे कोरणाऱ्याकडे उमेदवारी केली; म्हणजे धर्मशास्त्राआधी त्याच्या हातात हत्यार आलं. मग संन्यास, रोममध्ये धर्मशास्त्राची पदवी. १६७८ मध्ये पार्माच्या ड्यूकसाठी त्याने पाच फुटांहून मोठी गोलांची जोडी केली. ती फ्रान्सच्या कार्डिनल देस्त्रेच्या पाहण्यात आली आणि त्याने कोरोनेल्लीला पॅरिसला बोलावलं. चौदाव्या लुईला नजर करायला जगातली सर्वांत मोठी जोडी हवी होती. १६८१ ते १६८३ ते काम चाललं. परत आल्यावर १६८४ मध्ये त्याने व्हेनिसमध्ये 'आर्गोनॉट' नावाची विद्वत्मंडळी स्थापन केली. भूगोलाला वाहिलेली ती पहिली संस्था मानतात. पुढच्या वर्षी व्हेनिस प्रजासत्ताकाने त्याला आपला अधिकृत 'कॉस्मोग्राफर', म्हणजे पृथ्वी-आकाशाचे नकाशे मांडणारा, नेमलं. १७०१ मध्ये तो आपल्या संपूर्ण संन्यासी संघाचा प्रमुख झाला. नदीच्या पुरांवरही त्याचा अभ्यास होता. त्यासाठी सम्राट सहाव्या कार्लने, ज्याचा पुतळा आम्ही मंगळवारी पाहिला त्यानेच, त्याला आयुष्याच्या अखेरीस डॅन्यूबच्या कामावर नेमलं. मृत्यू १७१८.

मला त्याची सर्वांत मोठी वाटते ती एक गोष्ट. राजासाठी केलेले गोल हाताने रंगवलेले होते, एकुलते एक. परत आल्यावर त्याने ठरवलं की हे छापून काढायचं. ११० सेंटीमीटरचा गोल हा त्याचा परिणाम. तांब्याचे पत्रे एकदा तयार झाले की वर्गणीदार मिळतील तेवढे गोल काढता येतात. इथेच न थांबता त्याने या सगळ्या पाकळ्या सपाटच ठेवून, पुस्तकासारख्या बांधूनही विकल्या. ज्याच्या घरात एवढा गोल मावत नाही, ज्याच्याकडे तो वाहून न्यायला नाव नाही, त्याने तो पुस्तकातून उलगडावा. जगाच्या फोडी दोन पुठ्ठ्यांमध्ये शिवलेल्या! बांधणीचं काम करणाऱ्या माणसाला यापरतं काय हवं? अशी प्रत मी संगणकाच्या पडद्यावर पानन् पान पाहिली आहे. विषुववृत्ताकडची रुंद बाजू, ध्रुवाकडे निमुळतं होत जाणारं टोक, मधल्या कोऱ्या कागदावर काहीच नाही. त्या कोऱ्या जागेचं प्रमाणच पाकळीचं गणित सांगतं.

भाचीने मठाच्या दारापाशी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, आता जेवूया." मग कालव्याकाठी मासे खाल्ले. सार्डिन माशांवर कांदा आणि व्हिनेगर घातलेला इथला पदार्थ आमच्या घरच्यांना नक्की आवडला असता.

शनिवार, प्रवास

विमानाने पॅरिस. दिवस गेला तो त्यातच. वाटेत भाचीला चर्चिलच्या गोलाची गोष्ट सांगितली. १९४२च्या नाताळात अमेरिकेचे सेनाप्रमुख जनरल मार्शल यांनी रूझवेल्ट आणि चर्चिल या दोघांना एकसारखे गोल पाठवले, व्यास ५० इंच, शिकागोजवळच्या वेबर कॉस्टेलो कंपनीचे. दोघांनी महासागरांच्या दोन काठांवर एकाच गोलाकडे बघून बोलावं हा हेतू. ५० इंच म्हणजे १२७ सेंटीमीटर, पृथ्वीपेक्षा एक कोटी पटींनी लहान, त्यामुळे १ सेंटीमीटरला बरोबर १०० किलोमीटर. युद्धाच्या खोलीत दोरा लावून अंतर मोजायला यापेक्षा सोपं माप नाही. शोभेचा म्हणून आज जो मोठा उभा गोल विकत घेतात, त्यामागे या गोलाच्या छायाचित्रांचा हात फार आहे.

रविवार, पॅरिस

सकाळी सेंत-उआँचा जुना बाजार. पोर्त द क्लिन्यांकूर मेट्रोवरून चालत. कपाटं, आरसे, झुंबरं, आणि त्यात मधूनमधून गोल. फ्रान्समध्ये या धंद्याची परंपरा पक्की. रोबेर द व्होगाँदीने पंधराव्या लुईसाठी अठराव्या शतकाच्या मध्यावर १८ इंची गोल केले. त्याच्या घराण्याचा छापखान्याचा साठा पुढे देलामार्शकडे गेला आणि त्याने एकोणिसावं शतक लागेपर्यंत गोल विकले.

एका दुकानात इंग्लिश धर्तीचा वाचनालयातला गोल होता, महोगनीच्या तीन पायांवर. पायांच्या मध्ये, खाली, काचेच्या डबीत होकायंत्र. दुकानदाराने तो शोभेचा तुकडा म्हणून दाखवला. मी त्याला भाचीकरवी सांगितलं की ते होकायंत्र बैठकीची उत्तर खऱ्या उत्तरेशी जुळवण्यासाठी असतं. ते केल्याशिवाय क्षितिजाच्या कड्यावर मिळणारी दिशा तुमच्या खोलीच्या दिशेशी जुळत नाही. तो इतका खूश झाला की त्याने मला पितळी कडी हाताने फिरवू दिली. खाचेत ती जड, पण अडखळल्याशिवाय सरकली. मी ध्रुव १८.५ अंशांवर आणला. कड्यावरचा कागद कडांना झिजलेला, ऑक्टोबरच्या जागी मोठा डाग, पण अंशांच्या बारीक खुणा अजून शाबूत. मीन राशीपाशी कुणीतरी फार जुन्या शाईने एक टिंब काढलं होतं. गोल वापरात होता, याचा तो दाखला.

विसाव्या शतकातले गोल तिथे ढिगाने होते. त्यांचं साल काढायचं शास्त्र सोपं आहे आणि आपल्या लोकांना त्यात मजा येईल. सयाम लिहिलं असेल तर बहुधा १९३९च्या आधीचा. कॉन्स्टँटिनोपल असेल तर १९३०च्या आसपासचा किंवा जुना. लेनिनग्राड असेल तर १९२४ ते १९९१च्या मधला. आणि आपला किनारा बघा. पाँडिचेरीला फ्रेंच रंग असेल तर १९५४च्या आधीचा. भारत-पाकिस्तान वेगळे झालेले आहेत पण गोव्यावर पोर्तुगालच्या रंगाचा ठिपका आहे, तर तो गोल १९४७ आणि १९६१च्या मधला. असा एक मला मिळालाच: आतून दिव्याने उजळणारा, पायाला गंज. गोव्याचा ठिपका मोहरीपेक्षा मोठा नव्हता. घ्यायचा मोह आवरला, कारण विमानात तो टिकला नसता.

आज हे काम हाताने करणारे फार थोडे उरले आहेत. लंडनमध्ये पीटर बेलर्बी यांनी २००८ मध्ये कार्यशाळा सुरू केली. वडिलांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला चांगला गोल मिळेना, म्हणून स्वतः बनवायला घेतला आणि पहिला गोल जमेपर्यंत दोनेक वर्षं गेली. त्यांचा सर्वांत मोठा गोल १२७ सेंटीमीटरचा आहे आणि त्याला चर्चिलचंच नाव दिलेलं आहे. ओल्या पाकळीला ताण देत, ती न फाटू देता, सुरकुती न पडू देता बसवायला शिकण्यातच शिकाऊ माणसाचे महिनोन्महिने जातात. यंत्रं आली, नकाशे संगणकावर आले, तरी ओला कागद आणि बोटं यांच्यामध्ये अजून काही आलेलं नाही.

सोमवार, पॅरिस

दुपारी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. सेन नदीकाठचे ते चार काचेचे मनोरे, पश्चिमेकडचा हॉल, आणि समोर राजाची जोडी. मी आकडे वाचून गेलो होतो: व्यास पावणेचार मीटरांहून जास्त, वजन प्रत्येकी सुमारे दोन टन. तरीही मान वर करत करत मागे सरकावं लागलं.

या गोलांना पाकळ्या नाहीत. आत वाकवलेल्या लाकडाचा सांगाडा, त्यावर प्लास्टर आणि कापड, आणि त्यावर थेट कुंचला. आकाशाचा गोल निळ्याच्या अनेक छटांमध्ये रंगवला आहे आणि त्यावर ५ सप्टेंबर १६३८चं आकाश आहे, म्हणजे लुईच्या जन्मवेळचं. राजाची जन्मकुंडलीच म्हणायची. नक्षत्रांची नावं फ्रेंच, लॅटिन, ग्रीक आणि अरबी या चार भाषांत. पृथ्वीच्या गोलावर कॅलिफोर्निया अख्खं बेट आहे, ऑस्ट्रेलिया अर्धाच, पूर्व किनाऱ्याचा पत्ता नाही. समुद्रांत जहाजं आणि देवमाशांची शिकार. इथे १ सेंटीमीटर म्हणजे साधारण ३३ किलोमीटर. मुंबई-पणजी १२ सेंटीमीटरांच्या आसपास. या मापाने एव्हरेस्टसुद्धा तीन मिलिमीटर भरणार नाही.

१६८३ मध्ये पूर्ण झालेले हे गोल राजाच्या मार्लीच्या प्रासादात लागले १७०४ मध्ये, आणि १७१५ मध्ये राजा गेल्यावर तिथून हलले. पुढची बरीच वर्षं खोक्यांत. रिशल्यो रस्त्यावरच्या जुन्या ग्रंथालयात त्यांच्यासाठी खास दालन काढलं, १९०१ नंतर पुन्हा खोक्यांत, व्हर्सायमध्ये. २००६ पासून ते इथे कायमचे आहेत. तीन शतकांतली जेमतेम काही दशकं ते माणसांनी पाहिले. व्हेनिसला परतून छापील गोल काढण्याचा कोरोनेल्लीचा निर्णय इथे उभं राहिल्यावर नीट कळतो. राजाला दिलेलं जग खोक्यात गेलं. वर्गणीदारांना दिलेलं युरोपभरच्या ग्रंथालयांत उभं आहे.

मला तंजावरचे सरफोजीराजे आठवले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या दरबारात 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नृत्यनाट्य झालं. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी जगाचा भूगोल गाऊन सांगते, खंडं, देश, नद्या. राजाने भूगोल मराठीत, बाईच्या तोंडी, गाण्यात घातला. भाचीला हे माहीत नव्हतं. तिथेच बाकावर बसून तिने फोनवर शोधलं आणि घरी आईला निरोप पाठवला.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: या हॉलला तिकीट लागत नाही. मेट्रोची १४ क्रमांकाची गाडी ग्रंथालयाच्याच नावाच्या स्टेशनवर सोडते. सोमवारी सकाळी जाऊ नका, दुपारनंतर उघडतं. आणि सोबत छोटी दुर्बीण न्या. खालून विषुववृत्तापर्यंतचंच नीट वाचता येतं. हिंदुस्थान त्याच्या वर आहे.